साडेचार वर्षांच्या मुलाच्या दातांसाठी भूल द्यावी का?

सोलापूर जिल्ह्यातल्या एका वाचक ताईंचं पत्र, थोडक्यात: "मुलगा साडेचार वर्षांचा, वजन १६ किलो. आठ दात किडलेत. वरचे चार पटाशीचे काळे पडून झिजलेत आणि खाली दोन्ही बाजूंच्या दोन-दोन दाढांत खड्डे आहेत. गेल्या महिन्यात उजवा गाल सुजला, ताप आला. पाच दिवस अँटिबायोटिक दिलं, सूज उतरली. आता त्या दाढेखाली हिरडीवर बारीक पांढरा फोड आहे, पण दुखत नाही. गावातले डॉक्टर म्हणतात, दुधाचे आहेत, पडतील. सोलापुरात मुलांच्या दातांच्या डॉक्टरांनी पूर्ण भूल देऊन एकदाच सगळं करू असं सांगितलं. पुण्यात एके ठिकाणी लाफिंग गॅसवर होईल म्हणाले. तपासणीलाच याने रडून उलटी केली, तोंड उघडलं नाही. सासूबाईंना भुलीची भीती वाटते, मलाही वाटते. मेंदूवर परिणाम होतो का? तोवर रात्री दुखलं तर काय द्यायचं? आणि हा दिवसभर धडपडत असतो, थोरली नऊ वर्षांची कबड्डी खेळते. पडून दात निघाला तर काय करायचं?"

नमस्कार ताई,

भुलीचा प्रश्न तुमच्या मनात सगळ्यात वर आहे, पण आम्ही आधी त्या फोडाबद्दल बोलतो. घाई तिथे आहे.

दाढेतली नस मेली की त्या पोकळीत जंतू घर करतात. मेलेल्या नसेला रक्तपुरवठा नसतो, त्यामुळे अँटिबायोटिक तिथवर पोचतच नाही. आजूबाजूला पसरलेला संसर्ग ते आवरतं, सूज उतरते, ताप जातो. आतली घाण जागच्या जागी राहते. हिरडीवरचा फोड म्हणजे त्या पुवाने बाहेर पडायला काढलेली वाट. वाट मोकळी आहे तोवर आत दाब साठत नाही, म्हणून दुखत नाही. ती बुजली की गाल पुन्हा सुजेल. तेव्हा पुन्हा तेच सिरप आणून दिवस ढकलू नका. या दाढेचं काय करायचं ते येत्या आठवडा-दोन आठवड्यांत ठरायला हवं. बाकीच्या सात दातांना थोडा वेळ आहे.

"दुधाचे आहेत, पडतील" हे पटाशीच्या दातांपुरतं बरंचसं खरं. वरचे पटाशीचे सहा ते आठ वर्षांच्या दरम्यान पडतात. खालची पहिली दुधाची दाढ मात्र नऊ ते अकरा वर्षांपर्यंत टिकायला हवी, दुसरी दहा ते बारा. म्हणजे फोडाची दाढ अजून पाच-सहा वर्षं तरी कामाची आहे. शिवाय नव्या दाताचा कोंब याच दाढेच्या मुळांच्या बेचक्यात वाढत असतो आणि पू साचतो तोही तिथेच. तो फार दिवस राहिला तर नवा दात पिवळट-तपकिरी डागांचा, ठिसूळ आवरणाचा येऊ शकतो. आणि दाढ अकाली गेली तर सहाव्या वर्षी तिच्यामागे उगवणारी कायमची दाढ पुढे सरकून मोकळी जागा बळकावते. मग नव्या दाताला उगवायला जागाच उरत नाही.

आता भूल. गॅस की पूर्ण भूल, हा प्रश्न आम्ही दुसरा धरतो. पहिला प्रश्न असा: आठही दातांना खरोखर किती काम लागणार आहे? एक्स-रे काढून प्रत्येक दाताचं वेगळं उत्तर डॉक्टरांकडून मागा. यादी जितकी आखडेल तितकी भूलही हलकी पुरते.

वरच्या चार पटाशीच्या दातांना ठणका नसेल, हिरडीवर फोड नसेल, तर त्यांना ३८ टक्के सिल्व्हर डायमाइन फ्लोराइड लावता येतं. सुई नाही, ड्रिल नाही. दात कोरडा करून औषधाचा थेंब बारीक ब्रशने मिनिटभर चोळायचा, सहा महिन्यांनी पुन्हा. कीड टणक होते आणि थांबते. किडलेला भाग कायमचा काळाकुट्ट होतो हे मात्र आधीच समजून घ्या. तुमच्या मुलाचे दात आत्ताच काळे आहेत आणि दोन-तीन वर्षांत पडणारच आहेत, तेव्हा या दातांसाठी आम्ही हाच मार्ग सुचवू. फोटोत कसे दिसतील याची चिंता नातेवाइकांनाच जास्त असते. चांदीची ॲलर्जी असेल किंवा कीड दाताच्या आतल्या नसेपर्यंत गेली असेल तर हे औषध चालत नाही.

खालच्या दाढांपैकी ज्यांत कीड नसेपासून लांब आहे, त्यांवर कीड न कोरता स्टीलची तयार कॅप सिमेंटने बसवता येते. दोन-तीन दिवस आधी दाढांच्या फटीत छोटी रबरी कडी घालून जागा करतात, मग कॅप बोटाने दाबून बसवतात आणि मुलाला चावायला लावतात. दोन-चार दिवस चावा उंच वाटतो, नंतर जमतो. कीड नसेपर्यंत पोचली पण नस जिवंत आहे, अशा दाढेत वरच्या भागातली नस काढून औषध भरतात आणि वर कॅप घालतात. याला सुई देऊन दाढ बधिर करावी लागते. नस पूर्ण मेली असेल तर दुधाच्या दाढेचं रूट कॅनॉल. मुळं विरघळताना सोबत विरघळेल असं औषध त्यात भरतात. फोडाच्या दाढेखालचं हाड एक्स-रेत बरंच खाल्लेलं दिसलं, मुळं झिजलेली असली किंवा दाढ हलत असली, तर ती वाचवायचा हट्ट धरू नका. काढा आणि जागा राखणारी तारेची कडी शेजारच्या दाढेवर बसवून घ्या. ही कडी बसवायची राहून जाते, कारण दाढ काढल्यावर दुखणं थांबतं आणि पालक परत येत नाहीत.

अशी छाननी झाली की आठातले कदाचित तीन-चारच दात सुई लागणारे उरतील. त्यावर भुलीचं ठरवा.

लाफिंग गॅस म्हणजे ऑक्सिजनमध्ये मिसळलेला नायट्रस ऑक्साइड, साधारण ३० ते ५० टक्के. नाकावर छोटा मास्क ठेवतात, तीन ते पाच मिनिटांत मूल सैलावतं. ते झोपत नाही, बोलतं, ऐकतं. शेवटी पाच मिनिटं नुसता ऑक्सिजन दिला की गुंगी उतरते. सुरक्षित आणि चांगली पद्धत आहे, पण तिची एक अट आहे: मुलाने मास्क लावू दिला पाहिजे आणि नाकाने श्वास घेतला पाहिजे. तोंड वासून रडणारं मूल तोंडाने श्वास घेतं, गॅस फुप्फुसात जातच नाही म्हणा ना. नाक चोंदलेलं असेल तरी तेच. आणि दाढ बधिर करायची सुई गॅसबरोबरही द्यावीच लागते. १६ किलोच्या मुलाला लिग्नोकेन (बधिर करायचं औषध) ७० मिलिग्रॅमच्या, म्हणजे २ टक्क्यांच्या औषधाच्या साडेतीन मिलिलिटरच्या वर जाता कामा नये. म्हणून एका बैठकीत बहुधा तोंडाची एकच बाजू होते. म्हणजे पुण्याच्या किमान तीन-चार खेपा. तपासणीलाच तोंड न उघडणाऱ्या मुलावर हे आज जमेल असं आम्हाला वाटत नाही. आधी नुसत्या ओळखीच्या भेटी, आरशाने दात मोजणं, पटाशीच्या दातांना औषध लावणं, असं करत करत तो रुळला तर शक्य आहे. फोडाची दाढ मात्र तोवर थांबणार नाही.

मधला एक पर्याय कुणी सुचवेल: तोंडावाटे गुंगीचं औषध, बहुतेक वेळा मिडाझोलम. इथे सावध राहा. एकदा पाजलं की मात्रा कमी-जास्त करता येत नाही. एखादं मूल शांत होण्याऐवजी उलट बिथरतं, आरडाओरडा करतं. आणि हलकी गुंगी कधी गाढ झोपेत बदलेल ते सांगता येत नाही. अशा झोपेत जीभ मागे पडून श्वास अडू शकतो. हे औषध फक्त दवाखान्यात, बोटाला पल्स ऑक्सिमीटर लावून आणि दातांचं काम न करणारा एक प्रशिक्षित माणूस केवळ मुलाकडे बघत असताना द्यायचं असतं. "घरून निघताना पाजून आणा" असं कुणी सांगितलं तर तिथे जाऊच नका. खुर्चीत झोपवून दातही तेच डॉक्टर करणार आणि झोपेवर लक्षही तेच ठेवणार, असं असेल तरी मुलाला घेऊन उठा.

चारही दाढांना नसेचं काम निघालं, तर सोलापूरच्या डॉक्टरांनी सांगितलेली पूर्ण भूल हा अतिरेक नाही. उलट साडेचार वर्षांच्या मुलाला चार जणांनी धरून काम करण्यापेक्षा ती बरी. तसं धरलेलं मूल पुढे कित्येक वर्षं दातांच्या डॉक्टरचं नाव काढू देत नाही. ही भूल ऑपरेशन थिएटरमध्ये भूलतज्ज्ञ देतात. झोप लागल्यावर नाकावाटे श्वासनळीत नळी घालतात, घशात गॉजची पट्टी ठेवतात म्हणजे पाणी किंवा दाताचा कण खाली जात नाही. दीड-दोन तासांत सगळे दात होतात, बहुधा त्याच संध्याकाळी घरी सोडतात.

"भूल द्यायची का?" यापेक्षा "भूल कोण, कुठे देणार?" हे विचारणं जास्त उपयोगाचं. लहान मुलांना नेहमी भूल देणारे भूलतज्ज्ञ आहेत का? मूल पूर्ण जागं होईपर्यंत ते तिथे थांबणार का? श्वासातला कार्बन डायऑक्साइड मोजणारा कॅप्नोग्राफ आहे का? (श्वास अडला तर हे यंत्र बोटावरच्या ऑक्सिमीटरच्या आधी सांगतं.) मुलांच्या मापाचे मास्क आणि नळ्या, ऑक्सिजन, सक्शन आहे का? गरज पडली तर मुलांचं आयसीयू कुठे? चांगला डॉक्टर या प्रश्नांवर रागावत नाही. खर्च झेपत नसेल तर मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगरच्या शासकीय दंत महाविद्यालयांत मुलांच्या दातांचा स्वतंत्र विभाग आहे. तिथे नंबर लागायला वेळ लागू शकतो, तेव्हा फोडाची दाढ आधी दाखवून घ्या.

मेंदूबद्दल. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने डिसेंबर २०१६ मध्ये इशारा दिला तो तीन वर्षांखालच्या मुलांना तीन तासांपेक्षा जास्त किंवा वारंवार दिलेल्या भुलीबद्दल. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका बहुदेशीय अभ्यासात, तान्हेपणी तासाभराहून कमी भूल मिळालेल्या मुलांची पाचव्या वर्षी बुद्ध्यांक-चाचणी घेतली. भूल न देता, कमरेखालचा भाग बधिर करून ऑपरेशन झालेल्या मुलांच्या तुलनेत फरक दिसला नाही. तुमचा मुलगा साडेचारचा आहे आणि भूल एकदाच, दोनेक तासांची. या कारणासाठी नकार देऊ नका. म्हणूनच "आत्ता चार दात, पुढच्या वर्षी उरलेले चार" असे हप्ते भुलीखाली नकोत. जे करायचं ते एकदाच.

खरा धोका भलतीकडेच असतो: भरल्या पोटात. भुलीत उलटी झाली तर ती फुप्फुसात जाते. म्हणून नियम कडक आहेत. साधं पाणी दोन तास आधीपर्यंत. गाईचं-म्हशीचं दूध आणि हलकं खाणं सहा तास आधीपर्यंत. तेलकट, तुपकट आठ तास. दूध पाण्यात मोडत नाही, दुधाचा चहाही नाही. सकाळी आठचं ऑपरेशन असेल तर रात्री नऊपर्यंत साधं जेवण आणि सकाळी सहापर्यंत पाणी. घरात सगळ्यांना हे बजावून ठेवा, कारण "उपाशीपोटी कुठे नेताय लेकराला" म्हणत आजी हातावर अर्धा पेढा ठेवतात. ठेवलाच, तर तो भूलतज्ज्ञांना सांगा. ऑपरेशन काही तास पुढे जाईल, एवढंच.

सर्दी, खोकला, ताप, छातीत घरघर असेल तर तारीख पुढे ढकलायला लागते. सर्दीनंतर दोन आठवडे तरी जाऊ द्यायचे. श्वासनलिका त्या काळात चिडचिडी असते. दमा, झटके, रात्रीचं मोठ्याने घोरणं, रक्त न थांबण्याचा त्रास, घरात कुणाला भुलीत झालेला त्रास, चालू औषधं आणि हलणारा दात हे सगळं आपणहून सांगा.

घरी येताना दोन मोठी माणसं हवीत आणि मोटारसायकल नको. एकाने फक्त मुलाकडे बघायचं. पेंगणाऱ्या मुलाची हनुवटी छातीला टेकली की श्वास अडतो, मान सरळ धरा. आधी घोट घोट पाणी, ते राहिलं तर पेज, गार वरण-भात. एखादी उलटी, घसा खवखवणं, नाकातून रक्ताचा ठिपका चालतो. उलट्या थांबत नसतील, मूल हाक मारून जागं होत नसेल किंवा श्वासाचा आवाज येत असेल तर लगेच दवाखाना गाठा. सुई दिलेली असेल तर ओठ दोन-तीन तास बधिर असतो आणि मुलं तो गंमत म्हणून चावतात. दुसऱ्या दिवशी ओठ सुजून पांढरा चट्टा दिसतो, तो पू समजून लोक अँटिबायोटिक आणतात. तो चावलेला घाव असतो, आठवड्याभरात भरतो.

रात्री कळ आली तर आधी कोमट पाण्याने चूळ भरायला लावा आणि दोन दाढांच्या फटीतून धागा फिरवा. अडकलेला अन्नाचा कण हे मोठं कारण असतं. मग पॅरासिटामॉल: किलोला १५ मिलिग्रॅम, म्हणजे १६ किलोला २४० मिलिग्रॅम. बाटलीवर "५ मिलिलिटरमध्ये २५० मिलिग्रॅम" असेल तर पाच मिलिलिटरला किंचित कमी. "५ मिलिलिटरमध्ये १२०" असेल तर दहा. ही आकडेमोड चुकते ती बाटली न वाचल्याने. चमच्याने नाही, मापाच्या टोपणाने द्या. दोन मात्रांत सहा तास, दिवसात चारहून जास्त नाही. ताप-दुखण्याच्या बऱ्याच सिरपांत पॅरासिटामॉल आणि आयबुप्रोफेन दोन्ही एकत्र असतात. असं एक देऊन वर दुसरं पॅरासिटामॉल दिलं की मात्रा दुप्पट होते. पावसाळ्यात ताप असेल आणि डेंग्यूची शंका असेल तर आयबुप्रोफेन नकोच. ॲस्पिरिनची गोळी दाढेत धरायची नाही, लवंगेचं तेल तसंच लावायचं नाही (हिरडी भाजते), सुजलेल्या गालाला शेक द्यायचा नाही.

सूज डोळ्याकडे चढली, जबड्याखाली टणक झाली, तोंड उघडेना, लाळ गिळता येईना, जीभ वर उचललेली दिसली किंवा श्वासाला त्रास होऊ लागला, तर दातांचा दवाखाना शोधत बसू नका. १०८ ला फोन करून आयसीयू असलेलं रुग्णालय गाठा. भूल द्यावी लागू शकते, म्हणून वाटेत खायला-प्यायला देऊ नका.

रोजचं थोडक्यात: आठ वर्षांचा होईपर्यंत ब्रश तुम्ही करायचा, मागे उभं राहून, त्याचं डोकं पोटाला टेकवून. टूथपेस्ट १००० पीपीएम फ्लोराइडची, वाटाण्याएवढी. थुंकायचं, पण नंतर चूळ नको. रात्रीच्या ब्रशनंतर फक्त पाणी. झोपताना दूध-साखर चालू राहिली तर कॅपच्या कडेने पुन्हा कीड लागते. दर तीन महिन्यांनी तपासणी आणि फ्लोराइड वार्निश (दातांवर लावायचा फ्लोराइडचा लेप).

आता पडण्याचं. धाकट्याचा दुधाचा दात निघून आला तर तो परत बसवायचा नाही, आतल्या कोंबाला इजा होते. स्वच्छ कापड दहा मिनिटं दाबून धरा, मध्ये उचलून बघू नका. दात सापडला नाही आणि मूल खोकत असेल तर तो श्वासनळीत गेलेला असू शकतो. रुग्णालयात छातीचा एक्स-रे लागेल. आत घुसलेला दुधाचा दात पुष्कळदा काही महिन्यांत आपणच खाली येतो, तरी त्याच दिवशी दाखवा.

थोरलीचं उलट आहे. नऊ वर्षांच्या मुलीचे पुढचे दात कायमचे असतात. असा दात निघाला तर तो पांढऱ्या भागाला धरून उचला, मुळाला बोट लावू नका. माती लागली असेल तर थंड दुधाने किंवा सलाइनने हलकेच धुवा, घासू नका. मग सरळ बाजूने खाचेत परत बसवा आणि घडी केलेला रुमाल चावून धरायला सांगा. धीर होत नसेल तर दात बिनसाखरेच्या थंड दुधात बुडवून निघा. पिशवीतलं साधं दूध चालतं. पाण्यात ठेवू नका, कापसात गुंडाळू नका. मुळावरच्या पेशी कोरड्या हवेत तासाभरात मरतात, म्हणून पहिली पंधरा-वीस मिनिटं मोलाची. तास उलटला तरी दात टाकून न देता घेऊन जा. डॉक्टर तो बारीक तारेने शेजारच्या दातांना दोन आठवडे बांधून ठेवतात. शाळेतल्या कबड्डीच्या सरांनाही हे सांगून ठेवा, आणि मातीत पडली असेल तर धनुर्वाताचं इंजेक्शन कधी झालं होतं ते डॉक्टरांना सांगा.